ओढायचं कसं आणि थांबायचं कसं

कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे ९८ हजार होती. २०११ मध्ये ती १ लाख ७४ हजारांवर गेली आणि त्यानंतरही वाढतच राहिली. शिरगाव, कात्रप या पूर्वेकडच्या भागांत भाताची खाचरं मागे हटली, इमारती पुढे आल्या. ट्रॅक्टर मात्र गेला नाही, त्याचं काम बदललं. चिखलणी आणि नांगरणीसाठी घेतलेला ट्रॅक्टर आता बांधकामाच्या विटा ओढतो, खडी आणि रेती ओढतो, उन्हाळ्यात पाण्याचा टँकर ओढतो, अनंत चतुर्दशीला गणपतीची ट्रॉली ओढतो. पावसाळ्यात एखादा टेम्पो कच्च्या रस्त्यावर रुतला की सगळ्यात आधी ट्रॅक्टरवाल्यालाच फोन जातो.

या बदलात एक धोका दडलेला आहे आणि तो फारसा कुणी समजावून सांगत नाही. शेतात नांगर ओढताना जमीनच नांगराला धरून ठेवते. ट्रॅक्टर थांबला की नांगर तिथेच थांबतो. त्याला ब्रेक लागत नाही, तो मागून ढकलत नाही, उतारावर धावत सुटत नाही. ट्रॉली यातलं सगळं करते. रुतलेली गाडी आणखी वेगळी वागते: ती आधी अजिबात हलत नाही आणि मग एकदम हलते. म्हणजे ज्या यंत्राची घडण नांगरासाठी झाली, त्याच्याकडून आपण आज तीन वेगळ्या स्वभावांची ओझी ओढून घेतो. त्यामुळे ट्रॅक्टर किती एचपीचा, हा प्रश्न माझ्या मते तिसरा-चौथा आहे. आधीचे प्रश्न असे: चाकांना पकड किती आहे, ओझं किती उंचीवर जोडलंय, आणि निघाल्यावर हे सगळं थांबणार कसं.

पकडीपासून सुरुवात करू. ४५ एचपीचा ट्रॅक्टर अगदी खालच्या गिअरमध्ये, ताशी अडीच किलोमीटरने चालत असेल, तर कागदावर त्याचं इंजिन चार टनांहून जास्त ओढ देऊ शकतं. प्रत्यक्षात तो तेवढं ओढत नाही, कारण ओढ शेवटी चाकाखालच्या जमिनीतून येते. दोन टन वजनाचा ट्रॅक्टर असेल तर साधारण दोन तृतीयांश भार मागच्या मोठ्या चाकांवर असतो. कोरड्या काँक्रीटवर चाकं आपल्यावरच्या भाराच्या सत्तर-ऐंशी टक्के ओढ देतात, घट्ट मातीवर निम्म्याच्या आसपास, आणि चिखलात पाव हिस्सा मिळाला तरी नशीब. म्हणून भाताच्या खाचरात रबरी टायरच्या जागी किंवा त्याला जोडून लोखंडी केजव्हील लावतात. ती चिखलाच्या तळापर्यंत पोचून पकड शोधतात. म्हणूनच मागच्या टायरमध्ये पाणी भरतात. मुंबई विमानतळावर विमान मागे ढकलणारं बुटकं वाहन पाहिलं असेल. मोठ्या विमानांसाठीची अशी वाहनं मुद्दाम चाळीस-पन्नास टन वजनाची बनवतात. त्यांना वेग नको असतो, जमिनीवर दाब हवा असतो.

आता ओझ्याची बाजू. पाच टनांची भरलेली ट्रॉली सपाट डांबरी रस्त्यावर चालत ठेवायला शंभर-दीडशे किलोंची ओढ पुरते. तीच ट्रॉली मऊ शेतात घातली की पाचशे किलो लागतात आणि चाक रुतलं की हजाराच्या पुढे. चढाचा हिशेब तर तोंडी करता येतो: दहा फुटांमागे एक फूट चढ असेल तर वजनाचा दहावा हिस्सा ओढीत वाढवायचा. पाच टनांमागे आणखी पाचशे किलो. बारवी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या चढ-उतारांवर ट्रॉली नेणाऱ्याला हा हिशेब आकड्यांत येत नसेल, पण इंजिनाच्या आवाजातून तो त्याला नेमका कळतो. चढाच्या मध्यावर गिअर बदलायचा नाही, चढ लागण्याआधीच खालचा गिअर टाकायचा, हे जुने चालक सांगतात ते याचसाठी. क्लच दाबला त्या क्षणी ट्रॉली मागे ओढू लागते आणि पुन्हा उचल घेताना झटका बसतो.

या झटक्याबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण ट्रॅक्टर मागच्या मागे उलटण्याचं ते मोठं कारण आहे. बाजूला उलटणं लोकांना कळतं, बांधावरून चाक घसरलं की काय होतं ते डोळ्यांना दिसतं. पण पुढची चाकं हवेत उचलली जाऊन ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर पाठीमागे कोसळतो, हे ज्याने पाहिलं नाही त्याला खरं वाटत नाही.

हिशेब असा आहे. दोन टनांचा ट्रॅक्टर, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर १९० सेंटीमीटर, पुढच्या चाकांवर सातशे किलो भार. मागे ओढायची पट्टी, म्हणजे ड्रॉबार, जमिनीपासून ४५ सेंटीमीटरवर. या ड्रॉबारला हजार किलोंची ओढ लागली तर पुढच्या चाकांवरचे सुमारे २३७ किलो मागे सरकतात. पुढे साडेचारशेहून जास्त उरतात, स्टिअरिंग शाबूत राहतं. पुढची चाकं उचलली जायची तर ड्रॉबारवर जवळजवळ तीन टन ओढ यावी लागेल, आणि एवढी पकड त्या चाकांना मिळूच शकत नाही. त्याआधी ती जागेवर गरगर फिरतील, माती उडवतील, चालक वैतागेल. त्या वैतागण्यात त्याचा जीव वाचतो.

आता साखळी वर, टॉप लिंक (अवजार जोडणारी वरची दांडी) जिथे बसते त्या ब्रॅकेटला अडकवली, जमिनीपासून ९५ सेंटीमीटरवर. तीच हजार किलोंची ओढ आता पुढचे पाचशे किलो काढून घेते. आणि झटक्याने ओढ १,४०० किलोंवर गेली की पुढच्या चाकांवर काहीच उरत नाही. कोरड्या काँक्रीटवर १,४०० किलो मिळू शकतात, कारण पुढून सरकलेला भारही आता मागच्या चाकांना दाबतो आणि त्यांची पकड वाढवतो. म्हणजे चाकं घसरून सुटका होण्याआधी नाक वर जातं. ट्रॅक्टर तोच, ओझं तेच, चालक तोच. फरक फक्त हूक पन्नास सेंटीमीटर वर लावल्याचा.

यात दुसरीही एक गोष्ट घडते. ड्रॉबार खाली आणि मागे असतो, त्यामुळे नाक उचललं जाऊ लागलं की तो आणखी खाली जातो, ओढीची रेषा जमिनीजवळ येते आणि उचलणारा जोर आपोआप कमी होतो. वरच्या ब्रॅकेटला किंवा सीटखालच्या एखाद्या पट्टीला साखळी बांधली की हा दुरुस्त करणारा गुण जवळजवळ संपतो. म्हणून नियम एकच, आणि मला तो पुन्हा पुन्हा सांगावासा वाटतो: ओढायचं ते फक्त ड्रॉबारने. टॉप लिंकला नाही, मागच्या अॅक्सलच्या घराभोवती गुंडाळून नाही, मोकळ्या हायड्रॉलिक बाहूंना तर नाहीच, कारण ते चालत्या कामात वर उचलले जातात आणि जोड नको तिथे पोचतो.

अमेरिकेने हा धडा फार महागात घेतला. हेन्री फोर्डचा फोर्डसन ट्रॅक्टर १९१७ पासून शेतांत उतरला. हलका, स्वस्त, लाखोंनी खपलेला. मागे नांगर नुसता अडकवून ओढला जाई, आणि फाळ दगडात किंवा मुळात अडकला की इंजिन चाकं फिरवायच्या ऐवजी ट्रॅक्टरच अॅक्सलभोवती फिरवू लागे. किती तरी शेतकरी असे दगावले. पुढे मागच्या चाकांवरचे मडगार्ड मागे लांब वाढवले, म्हणजे उलटताना ते जमिनीला टेकून ट्रॅक्टर अडावा. मुळापासूनचा उपाय आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने काढला. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याने शेतांवर फिरून ट्रॅक्टर आणि नांगर यांचं जुळत नसलेलं नातं पाहिलं होतं. त्याने नांगर नुसता मागे न अडकवता तीन दांड्यांनी ट्रॅक्टरलाच जोडला. दोन दांड्या खाली ओढतात, वरची तिसरी नांगराच्या अडण्याचा जोर उलट ट्रॅक्टरचं नाक दाबायला वापरते. १९३९ मध्ये फोर्डबरोबर काढलेल्या ट्रॅक्टरवर ही रचना आली आणि आज शिरगावात उभा असलेल्या कुठल्याही ट्रॅक्टरच्या पाठीमागे तीच दिसते. पण लक्षात घ्या, ही सुरक्षा नांगरासारख्या, तिन्ही दांड्यांवर बसवलेल्या अवजारापुरती आहे. त्याच वरच्या दांडीच्या जागी कुणी साखळी अडकवली तर फर्ग्युसनचा शोध उलटा वापरला जातो.

मागे उलटायला वेळ किती लागतो? पुढची चाकं उचलल्यापासून पाऊण सेकंदात ट्रॅक्टर परत न येणाऱ्या टोकापर्यंत पोचतो, दीड सेकंदात तो पूर्ण पालथा असतो. माणसाला काही बिघडतंय हे कळून पाय क्लचवर जायलाच पाऊण सेकंद जातो. म्हणून ‘मी सांभाळून घेईन’ या भरवशाला इथे जागा नाही.

ट्रॅक्टर स्वतःच चिखलात रुतला की धोका सगळ्यात मोठा. मागची चाकं गाळात घट्ट धरली गेली तर इंजिनापुढे फिरवायला एकच गोष्ट उरते, ती म्हणजे ट्रॅक्टरचा पुढचा भाग. अशा वेळी काही जण मागच्या दोन्ही चाकांना आडवा ओंडका साखळीने बांधतात, म्हणजे चाक फिरताना ओंडका खाली येऊन टेकू मिळावा. कधी तो मिळतोही. पण ओंडका गाळात रोवून बसला की चाक पुरतं अडतं आणि नाक वर जातं. ही युक्ती कुणीही वापरू नये. खोरं घेऊन चाकांच्या मागचा चिखल काढावा, दगड-मुरूम किंवा फळ्या टाकाव्यात आणि ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये बाहेर काढावा. रिव्हर्समध्ये हाच उलटा जोर पुढची चाकं जमिनीवर दाबतो. अर्धा तास जास्त लागतो, अंगाला चिखल लागतो. तेवढं सोसण्यासारखं आहे.

स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरांवर चालकाभोवती मजबूत पोलादी चौकट सक्तीची केली. त्यानंतर तिथे ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू वर्षांमागून वर्षं घटत जवळजवळ संपले. ट्रॅक्टर उलटायचे थांबले नव्हते, माणसं त्याखाली चिरडायची थांबली. आपल्याकडे ट्रॅक्टरवर जे छत दिसतं ते बहुतेक वेळा ऊन-पावसासाठीचं असतं. त्याच्या नळ्या ट्रॅक्टरचं वजन पेलत नाहीत. खरी चौकट असेल तर सीटबेल्ट लावायचा, म्हणजे माणूस चौकटीच्या आत राहतो. नुसतं छत असेल तर पट्ट्याने स्वतःला जखडून घेण्यात अर्थ नाही.

आता टोचन. रुतलेला टेम्पो काढायला आपल्याकडे हाताला लागेल ते वापरतात: विहिरीवरचा दोर, क्रेनवरून उतरवलेली जुनी वायररोप, ट्रकची साखळी, कधी नायलॉनचा जाड पट्टा. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. साखळी ताणली जात नाही, म्हणून ढिली ठेवून झटका दिला तर सगळा धक्का एका कडीवर येतो आणि ती कडी तुटते. वायररोपचे तार आतून गंजलेले, तुटलेले असले तरी बाहेरून कळत नाही. नायलॉन ताणला जातो, झटका मऊ करतो, म्हणून लोकांना तो सुरक्षित वाटतो. पण ताणलेल्या नायलॉनमध्ये केवढी ऊर्जा साठते ते पाहा. दहा मीटरच्या पट्ट्यावर तीन टनांचा ताण आला आणि तो दीड मीटर लांबला, तर त्यात साधारण २२ हजार ज्यूल साठले. एक टनाची मोटार ताशी २४ किलोमीटरने धावत असताना तिच्यात जेवढी ऊर्जा असते तेवढीच. पट्टा किंवा टोकाचा हूक सुटला तर यातला मोठा भाग त्या सुटलेल्या टोकात जातो, आणि ते टोक सरळ रेषेत येतं: एकीकडे टेम्पोच्या काचेकडे, दुसरीकडे ट्रॅक्टरचालकाच्या पाठीकडे.

२५ ऑक्टोबर १९९७ रोजी तैपेईत हजाराहून जास्त माणसांनी मिळून एक मोठी रस्सीखेच खेळली. दोर नायलॉनचा होता आणि इतक्या ओढीसाठी तो बनलेलाच नव्हता. तो तुटला आणि उलटून आलेल्या दोराने दोघांचे हात खांद्याजवळून तोडले. डॉक्टरांनी ते पुन्हा जोडले. तिथे कुणी यंत्र लावलेलं नव्हतं, नुसती माणसंच ओढत होती.

म्हणून टोचन लावताना घाई करणारा माणूस बाजूला करावा. आधी रुतलेल्या चाकापुढची माती खणून उतार करून घ्यायचा, कारण खोऱ्याने काढलेली प्रत्येक पाटी ओढ कमी करते. टेम्पोकडे हूक लावायची जागा कंपनीने दिलेलीच वापरायची. बंपर, स्प्रिंगची पट्टी किंवा पुढच्या अॅक्सलचा रॉड या ओढायच्या जागा नव्हेत. दोर जमिनीला समांतर आणि शक्य तितका सरळ ठेवायचा, तिरक्या ओढीने ट्रॅक्टर बाजूला उलटतो. मधोमध ओलं गोणपाट किंवा जाड घोंगडी टाकायची, म्हणजे दोर तुटला तर त्याची झेप जड होते. आणि माणसं हटवायची. गाडी काढायला वीस जण जमतात, त्यातले पाच दोराला हात लावून उभे असतात आणि दोन-चार पोरं अगदी जवळून मोबाइलवर चित्रण करत असतात. दोराच्या लांबीच्या दीडपट अंतराच्या आत कुणीही असता कामा नये, आणि दोर ओलांडून जाणं तर नाहीच. इशारा एकच माणूस करील, बाकी कुणी ओरडणार नाही. मग खालच्या गिअरमध्ये क्लच अलगद सोडत आधी ढील काढायची, ताण आला की तसंच पुढे. पुढची चाकं हलकी वाटली किंवा मागची फिरू लागली की थांबायचं आणि पुन्हा खोरं हातात घ्यायचं. मागे येऊन झटका द्यायचा नाही. एका ट्रॅक्टरने निघत नसेल तर जेसीबी बोलवावा. दुसरा ट्रॅक्टर पहिल्याच्या पुढे जोडून ओढणं हे वरच्या सगळ्या धोक्यांना दोनने गुणणं आहे, कारण आता पुढच्याच्या ओढीवर मागच्या चालकाचा काहीच ताबा नसतो.

बंद पडलेली गाडी रस्त्यावरून गॅरेजपर्यंत न्यायची असेल तर साखळीपेक्षा ताठ लोखंडी टोइंग रॉड बरा. इंजिन बंद असलेल्या गाडीचं पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते. साखळीने ओढल्यास ती गाडी उतारावर ट्रॅक्टरवर येऊन आदळते. रॉडने निदान अंतर राखलं जातं.

ट्रॉलीकडे आता येतो. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच, कारण ओढण्याची ताकद सगळे पाहतात, थांबण्याची कुणी मोजत नाही. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. ट्रॅक्टरलाही ब्रेक असतात ते मागच्या दोन चाकांना. ताशी २५ किलोमीटरने जाणारा दोन टनांचा नुसता ट्रॅक्टर कोरड्या डांबरावर, ब्रेक लागल्यापासून सहा-सात मीटरमध्ये थांबतो. त्याच्यामागे सहा टनांची बिनब्रेकची ट्रॉली लावा. थांबवणारी चाकं तीच दोन, वजन आठ टन. आता २५ मीटर लागतात, आणि चालकाचा पाय ब्रेकवर पोचेपर्यंत गेलेले सात मीटर वेगळेच. वीस फुटांमागे एक फूट असा सौम्य उतार असेल तर हे अंतर ५० मीटरच्या पुढे जातं. दहा फुटांमागे एक फूट उतार असेल तर ब्रेकचा सगळा जोर उताराच्या ओढीत संपतो. मग वेग कमी होत नाही, ट्रॉली ढकलतच राहते. हा ढोबळ हिशेब आहे. टायरची घसट आणि इंजिनाचा अडसर थोडी मदत करतात, पावसाने ओला झालेला रस्ता त्याहून जास्त काढून घेतो. वळणावर असं झालं तर ट्रॉली ट्रॅक्टरला कोपरात मोडल्यासारखी आडवी फिरवते.

शिरगावच्या वाचकाला याचं मोठं उदाहरण लोकलने थोडं पुढे गेलं की दिसतं. बदलापूरहून वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी करत कर्जतला पोचलं की पुण्याकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांना मागून जादा इंजिनं लावलेली असतात. त्यांना बँकर म्हणतात. १८६३ मध्ये सुरू झालेल्या बोरघाटाच्या मार्गाचा चढ ३७ मीटरला एक मीटर एवढा तीव्र आहे. ही इंजिनं पुढे न लावता मागे लावण्याचं एक कारण म्हणजे डब्यांमधले जोड. सगळी ओढ पुढूनच दिली तर पहिल्या जोडावर अख्ख्या गाडीचा भार येतो. मागून ढकललं की तो वाटला जातो आणि एखादा जोड तुटलाच तरी डबे मागे घरंगळत नाहीत. उतरतानाची काळजी त्याहूनही मोठी. घाटात कॅच साइडिंग ठेवलेल्या आहेत, म्हणजे बेफाम झालेली गाडी चढाच्या आडरुळावर वळवून थांबवता यावी. रेल्वेने दीडशे वर्षांपूर्वी ओळखलं की घाट चढणं हा अर्धा प्रश्न आहे. आपल्या ट्रॉलीला ना बँकर, ना कॅच साइडिंग, ना बऱ्याचदा ब्रेक.

त्यामुळे उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकायचा, ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून ट्रॅक्टर सोडून देणं हा सरळ आत्मघात आहे. त्यात इंजिनाचा अडसर जातो आणि वेग वाढल्यावर गिअर पुन्हा पडत नाही. रस्त्यावर येताना डाव्या-उजव्या ब्रेकच्या पायट्या जोडणारी कडी लावलेली आहे ना, हे पाहायचं. शेतात आखूड वळण घ्यायला एकाच चाकाचा ब्रेक दाबता यावा म्हणून या पायट्या वेगळ्या असतात. रस्त्यावर भरल्या ट्रॉलीसह एकच पायटी दबली की ट्रॅक्टर गिरकी घेतो. ट्रॉली नवी घेणार असाल तर ब्रेकची घ्या, जादा लागलेला पैसा पहिल्याच उतारावर वसूल होतो.

भरण्यातही कसब आहे. बैलगाडीच्या काळात गाडी उलाळ झाली, म्हणजे मागे भार जास्त होऊन पुढचं टोक वर उचललं गेलं, की गाडीवान लगेच माल पुढे सरकवायचा. दोनचाकी ट्रॉलीला आणि टँकरला तोच नियम आहे. मागे भार जास्त झाला की ट्रॉलीचा दांडा ड्रॉबारला वर उचलतो आणि मागच्या चाकांची पकड जाते, ब्रेकचीसुद्धा, कारण ब्रेक त्याच चाकांना असतात. विटा पुढून रचत याव्यात आणि दांड्याचा भार ड्रॉबारवर हलकासा दाबत राहावा. टँकर पूर्ण भरलेला बरा किंवा पूर्ण रिकामा बरा. अर्धा भरलेल्या टँकरमधलं पाणी ब्रेक लावताच पुढे धावतं आणि वळणावर बाजूला. आत आडव्या पट्ट्या नसतील तर ते दोन टन पाणी चालकाच्या हाताबाहेरचं असतं. हूकची पिन जाड, पूर्ण खाली बसलेली आणि तिच्या तळाशी खिट्टी घातलेली असावी. पिनेच्या जागी सळईचा तुकडा किंवा नांगराचा बोल्ट चालत नाही. शिवाय एक सैल सुरक्षासाखळी ट्रॉलीपासून ट्रॅक्टरपर्यंत असावी. पिन निसटली तर ट्रॉली भर बाजारात एकटी धावू नये म्हणून.

रस्त्यावरचा शेवटचा शत्रू म्हणजे वेगातला फरक. ताशी २० किलोमीटरने जाणाऱ्या ट्रॉलीकडे ताशी ८० ने येणाऱ्या गाडीला, ती शंभर मीटरवर दिसली तर सहा सेकंद मिळतात. अंधारात, ट्रॉलीला मागे दिवा नसेल तर ती शंभर मीटरवर दिसतच नाही. जुलै २०२४ मध्ये आषाढीच्या तोंडावर डोंबिवली परिसरातून पंढरपूरला निघालेली वारकऱ्यांची बस मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पनवेलजवळ रात्री एका ट्रॅक्टरवर आदळून खड्ड्यात कोसळली. पाच जीव गेले. त्या मार्गावर ट्रॅक्टरला बंदी आहे ती यासाठीच. मागे दोन लाल दिवे, ट्रॉलीच्या फाळक्यावर आणि बाजूंना रेडियमच्या पट्ट्या, आणि माल बाहेर आलेला असेल तर त्या मालाच्या टोकाला वेगळा लाल कपडा किंवा दिवा. यात काहीशे रुपये जातात. विटांच्या धुळीने माखलेली रेडियमची पट्टी चमकत नाही, तेव्हा ती रोज पुसायची.

आणि माणसं. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात शेतमजूर महिलांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत पडला. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या सात बायका त्यात गेल्या. ट्रॉलीत माणसाला धरायला काही नसतं, पडताना वाचवणारं काही नसतं, आणि पाण्यात पालथी पडलेली ट्रॉली वर उचलायला बाहेर कुणी नसतं. मजुरांसाठी दुसरं वाहन परवडत नाही ही अडचण खरी आहे, पण त्याचं उत्तर ट्रॉली असू शकत नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीतही मूर्तीच्या ट्रॉलीवर शक्य तितकी कमी माणसं असावीत, आणि मडगार्डवर, ड्रॉबारवर किंवा ट्रॉलीच्या दांड्यावर एकही नाही. दांड्यावरून घसरलेला पोरगा ट्रॉलीच्या चाकाखालीच जातो, आणि ढोल-ताशांच्या आवाजात चालकाला त्याची किंकाळी ऐकू येत नाही. मिरवणुकीत ट्रॅक्टरच्या दोन्ही बाजूंना चालणारे दोन जबाबदार कार्यकर्ते नेमावेत. त्यांचं काम एकच: चाकांपासून गर्दी दूर ठेवायची आणि चालकाला हाताने इशारा द्यायचा.

काम संपल्यावर ट्रॉली सोडतानाही क्रम असतो. जागा सपाट निवडायची, हँडब्रेक ओढायचा, आणि पिनेला हात लावण्याआधी ट्रॉलीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावायचे. दोनचाकी ट्रॉलीच्या दांड्याखाली जॅक किंवा भक्कम ठोकळा द्यायचा. मग पिन काढायची, आणि ती बाजूला उभं राहून, ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मध्ये शिरून नाही. त्यानंतर ट्रॅक्टर पुढे घ्यायचा आणि पिन, खिट्टी, सुरक्षासाखळी तिघांना ट्रॅक्टरच्याच हत्यारपेटीत ठेवायचं, म्हणजे सकाळी घाईत कुणाला सळईचा तुकडा शोधावा लागत नाही.